टू बीएचकेची अट

१२ जानेवारी, रविवार. पुणतांबा

पुन्हा पोहे. आईचे हात आता न बघता करतात. सोनईची माणसं अकराच्या सुमारास आली. मुलगा गणेश, वय चौतीस. नगरच्या एमआयडीसीत क्वालिटीला, केडगावात भाड्याची खोली. आईवडील गेलेले. थोरला भाऊ शेती बघतो, तो आणि वहिनी सोबत होते.

अण्णा शाळेतून निवृत्त झाले तरी समोरच्याला वर्गात उभं केल्यासारखं विचारायची सवय गेली नाही. आधी पगार, मग शेती, मग ठरलेला प्रश्न.

"नगरला स्वतःचा फ्लॅट?"

"नाही."

"बुकिंग वगैरे?"

"नाही. पगारात बसत नाही, म्हणून चौकशीही केली नाही."

आजवरचे सगळे 'बघतोय' म्हणाले, 'बोलणी चालू आहेत' म्हणाले. एकाने तर भलत्याच बिल्डिंगचा फोटो दाखवला होता. हा सरळ नाही म्हणाला आणि पोहे खात राहिला. त्याच्या वहिनीने मान खाली घातली.

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "मुलगा चांगलाय. पण नगरला टू बीएचके तरी पाहिजे. जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहणार का तू?"

नगरला गेली आठ वर्षं मी कुणाच्या घरात राहते, हे त्यांना दिसत नाही.

आई एवढंच म्हणाली, "तिला बत्तिसावं लागलंय."

१३ जानेवारी, सोमवार. नगर

पहाटेची बस, थेट ब्रँच. होम लोनच्या टेबलावर सकाळीच एक जोडपं. दोघं खासगी शाळेत शिक्षक. दोघांचे पगार मिळून बसत नव्हतं म्हणून त्याच्या वडिलांची पेन्शनही धरली. तिघांच्या मिळकतीवर दोन बेडरूम आणि हॉल, वीस वर्षं. वडील कोपऱ्यात बसून होते. सही कुठे करायची एवढंच विचारलं त्यांनी.

मी 'पात्र' असं लिहिलं. पात्र आहे म्हणजे परवडतं असं नाही, एवढं या टेबलावर बसून कळलंय. पण ते विचारणारा रकाना आमच्याकडे नाही.

सावेडीला खोलीवर आले तर रूममेटने मुगाची खिचडी करून ठेवली होती. जेवले आणि झोपले.

१८ जानेवारी, शनिवार

गणेशला फोन केला. नंबर बायोडाटावर होताच.

"मी शुभांगी. पुणतांब्याची."

"हो. निरोप मिळाला. नाही म्हणून."

"तो अण्णांचा. माझा अजून द्यायचाय."

मग म्हणाला, उद्या चहाला येता का.

१९ जानेवारी, रविवार

गेले. प्रोफेसर कॉलनी चौकाजवळ बसलो. चहा दोनदा झाला. हळू बोलतो. कंपनीत दिवसभर पार्ट नाकारायचं काम. म्हणाला, "घरीही मला हल्ली तेच वाटतं. मीच नाकारलेला पार्ट." हे हसत म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्याने एकदा हिशेब मांडला होता म्हणे. पगारातला एक पैसा न खाता साठवला तर नगरचा बरा फ्लॅट चौदा वर्षांनी. "आणि चौदा वर्षांनी तो त्या भावात असणार नाही. मग बघायचं कशाला?"

मी त्याला उलटं सांगितलं. एकट्याचं नाही, दोघांचं धरायचं. म्हणजे सात वर्षांच्या आत. आमची अख्खी ब्रँच यावरच चालते.

"मग खायचं काय, हे तुमची बँक बघते का?"

नाही म्हणाले. दोघंही थोडं हसलो. खूप दिवसांनी कुणाबरोबर तरी निवांत बसले. ते लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी, रविवार

फ्लॅट बघायला गेलो. माझाच हट्ट. न बघता नाही म्हणायचं नाही.

सावेडीच्या पुढे, नवीन स्कीम. सेल्सच्या मुलीने आम्हाला नवरा-बायकोच धरलं. आम्हीही दुरुस्ती केली नाही. सँपल फ्लॅट चकाचक. बेडरूममध्ये पलंग, दोन बाजूंना दिवे, तरी चालायला जागा. मला आवडलं, खोटं कशाला. गणेशने विचारलं, झोपून बघू का? ती मुलगी गोंधळली. तो बूट काढून झोपला, तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर. पलंगच लहान बनवलेला. खोली मोठी दिसावी म्हणून.

ती मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, तो फक्त डिस्प्लेसाठी आहे."

तिचा काय दोष. मी विचारलं, तू कुठे राहतेस? भिंगारला, मामाकडे. ती पाच वर्षं हेच फ्लॅट विकतेय.

भाव ऐकला. पार्किंग वेगळं, नोंदणीचा खर्च वेगळा. खाली आल्यावर गणेश म्हणाला, "याच बिल्डिंगमधला असाच फ्लॅट भाड्याने किती जातो, माहितीय?" मला माहीत होतं. हप्त्याच्या पावहून जरा जास्त. मग तीनपट देऊन काय विकत घ्यायचं, असं तो विचारत होता. माझ्याकडे टेबलावर बसल्यावर देतात ती सगळी उत्तरं होती. एकही दिलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अमोलदादाचा फोन, डब्लिनहून. आईने त्याला सोनईच्या स्थळाचं सांगितलेलं दिसतं. थोरल्या भावासारखं काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून केला असावा.

त्याला विचारलं, तुमच्याकडे घर म्हणजे किती वर्षांचा पगार? म्हणाला, दोघांचा धरला तर पाच-सहा वर्षांचा. "पण मिळत नाही गं. एक घर निघालं की बघायला रांग. आणि भाड्यातच माझा अर्धा पगार जातो. वाचणार काय?" नऊ वर्षं झाली, तिसरं भाड्याचं घर.

"नगरला किती?"

सांगितलं.

"नगरला?" तो म्हणाला. "पुण्याचं म्हणतेस ना?"

"नगरला."

मग म्हणाला, तिथे आहे काय एवढं. मी म्हटलं, आम्ही आहोत. त्याला वाईट वाटलं बहुतेक. तसं म्हणायचं नव्हतं मला. दमले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चौथा शनिवार, सुट्टी. अण्णा आले. म्हणाले, तू नुसतं महाग महाग म्हणतेस, मला दाखव. दिवसभर रिक्षाने फिरवलं. चार ठिकाणं. पांढरा सदरा, पायात नवीन चपला. प्रत्येक ठिकाणी भाव ऐकला की ते भिंतीवर बोटाने टकटक करून बघायचे, जणू भिंतीत काही जास्तीचं असणार.

तिसऱ्या ठिकाणी सेल्सवाला म्हणाला, "काका, निवृत्तीचे पैसे गुंतवायला बेस्ट." अण्णा म्हणाले, "माझे सगळे निवृत्तीचे पैसे आणले तर कुठली खोली देशील?" तो हसला. अण्णांनी खरंच विचारलं होतं.

पुणतांब्याचं घर अण्णांनी तीन वर्षांच्या पगारात बांधलं. जागेसकट. एका प्राथमिक शिक्षकाने, आईची नोकरी नसताना. ते अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच. पण त्यांना वाटतं ती त्यांची चिकाटी होती, आणि आमच्या पिढीत ती नाही. आज पहिल्यांदा त्या वाटण्याला तडा गेलेला दिसला.

उसाचा रस प्यायलो. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे अट.

म्हणाले, "हे भाव खोटे आहेत. टिकायचे नाहीत. थांबू आपण. उतरतील."

"किती थांबायचं अण्णा?"

ग्लास खाली ठेवून रिक्षा बघायला लागले. मी म्हटलं, अमोलदादापण भाड्यानेच राहतो की. म्हणाले, "तो परदेशात आहे. तिथलं वेगळं." मग एसटी स्टँडवर सोडलं. बसमध्ये चढताना डोक्यावर हात ठेवला. तेवढ्याने रडू आलं, उगाच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बँकेसाठी घरांची किंमत काढून देणारे व्हॅल्युअर कुलकर्णी रिपोर्ट द्यायला आले. विचारलं, भाव उतरतील का हो कधी? म्हणाले, "मी या धंद्यात आलो तेव्हापासून लोक हेच विचारतात. थांबलेले अजून थांबलेत." मग विचारलं, तुमच्या मते खरी किंमत काय असते? म्हणाले, "शेजारचा ज्या भावाला गेला ती." आणि शेजारच्याची? "त्याच्या शेजारचा गेला ती." चहा पिऊन गेले.

११ मार्च, मंगळवार

ग.चा फोन. आवाज वेगळा. त्याच्या दादाकडे प्लॉटिंगवाला आलाय. रस्त्याकडेचा अर्धा एकर मागतोय. जो भाव बोलला तो दादाच्या आयुष्यभराच्या कांद्यातून निघणार नाही. दादा म्हणतो, देऊन टाकू, तुझा फ्लॅट होईल, लग्न होईल.

"तू काय म्हणालास?"

"काही नाही. वहिनी दोन दिवस बोलत नाहीये. माझ्याशी नाही आणि दादाशीही नाही."

पुणतांब्याच्या ओसरीवर अण्णांनी विचारलेला एक प्रश्न, आणि तिकडे सोनईत अर्धा एकर निघाला.

१६ मार्च, रविवार

सोनईला गेले. ग.च्या मोटरसायकलवर, तोंडाला ओढणी बांधून. घरी सांगितलं नाही.

तो तुकडा बघितला. विहिरीच्या पाण्याखालचा हाच. मागचं दोन एकर उन्हाळ्यात पडीक. बांधाच्या पलीकडे दोन शेतं आधीच गेलीत. चुन्याच्या रेघा, छोटे दगड, आत खडीचा रस्ता आणि एक कमान. घर एकही नाही. वहिनी म्हणाली, तीन वर्षं असंच आहे. प्लॉट मात्र दोनदा-तीनदा विकून झालेत. घेणारे पुण्याचे, कुणी मुंबईचे. बघायलाही येत नाहीत.

दादा उत्साहात होता. माझ्यासाठी खुर्ची, थंड. "बघा ना, सरळ हिशेब हाय. पिकाच्या भावात जमीन धरायचीच कशाला?" चुकीचं म्हणत नव्हता. लबाड माणूस नाही. भावाचं लग्न व्हावं हे त्याच्या तोंडावर लिहिलंय.

वहिनीने मला चुलीपाशी बोलावलं. भाकरी थापत होती. बघितलं नाही माझ्याकडे.

"तुमी बँकेत हाय ना, घराच्या कर्जावर?"

"हो."

"मंग सांगा मला. ह्यो भाव खरा हाय का?"

"कुठला?"

"ह्यो. आमच्या रानाचा. पिकातनं निघत न्हाई, कुनी ऱ्हात न्हाई, तरी वाढतुया. आनि तुमच्या नगरच्या खोल्यांचा. पगारातनं निघत न्हाई तरी वाढतुया. कोन देतंय एवढं?"

म्हटलं, वहिनी, मला खरंच माहीत नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, "तुमचा राग न्हाई मला. हे आठ दिवस वाटायचं, हिच्यामुळं रान चाललं. तुमाला बघून आता तसं बी म्हनता येईना."

जेवण झाल्यावर तिने मला पिशवीभर शेवग्याच्या शेंगा दिल्या. परत येताना रस्ताभर ती पिशवी मांडीवर धरून होते.

२३ मार्च, रविवार

ग.शी वाजलं.

तो म्हणतो, भाड्याने राहू, सुखाने राहू, जमीन राहू दे, कर्ज नको. सगळं बरोबर. पण बोलता बोलता म्हणाला, "घर घर म्हणजे काय, चार भिंती तर." आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, तुझ्या मागे सोनई आहे. अर्धं घर, रान, नाव आहे. मी पुणतांब्यात पाहुणी, सावेडीत भाडेकरू. आठ वर्षांत चार खोल्या बदलल्या. एकीने रात्री नऊनंतर दिवा बंद करायला लावला होता, एकीने आईला राहू दिलं नाही. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर विचारावं लागतं. अण्णांची अट मला मूर्खपणाची वाटते, पण ती अट माझ्याही पोटात आहे. नसती तर त्या सँपल फ्लॅटमध्ये मला आवडलं नसतं.

तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मग काढायचं का कर्ज? तू रोज लोकांना देतेस. स्वतः घेशील?"

दोघांच्या पगाराचा निम्मा हप्ता, वीस वर्षं. मूल झालं आणि मला वर्षभर घरी बसावं लागलं तर? त्याची कंपनी गेल्या वर्षी दोन महिने एकाच शिफ्टवर होती. रोज दुसऱ्यांच्या बाबतीत मी हे विचारत नाही, विचारायचं माझं कामही नाही.

"नाही घेणार," म्हटलं. म्हणजे मला हवंय आणि मी घेणार नाही. हे दोन्ही एकत्र कसं सांगायचं कुणाला.

त्याने 'सॉरी' म्हटलं. मीही. दोघंही पार थकलेले.

३० मार्च, रविवार. पाडवा

सुट्टी नाही. एका स्कीमचं पाडव्याचं बुकिंग, बँकेचं टेबल तिथेच मांडवात. गुढी, झेंडूच्या माळा, माईकवरून नावं पुकारत होते. बुकिंग करणाऱ्याला साखरेची गाठी आणि नारळ. मी दिवसभर कर्जाची प्राथमिक मंजुरी देत बसले.

लोक आनंदात होते. तेही खरं. एक रिक्षावाला आणि त्याची शिवणकाम करणारी बायको, वन आरके घेतलं, दोघांच्या डोळ्यांत पाणी. त्यांना भाव जास्त आहे हे सांगणारी मी कोण? त्यांनी भाव नाही घेतला, दार घेतलं.

दुपारी ती बाई परत आली. पेढा दिला. म्हणाली, "मॅडम, तुमचा कुठल्या मजल्यावर?"

म्हटलं, मी इथे नाही घेतला.

"मग दुसरीकडं असंल. तुमाला काय, बँकेत कमी पडतंय व्हय."

पेढा खाल्ला. चांगला होता.

२ एप्रिल, बुधवार

ग.ने दादाला सांगितलं, माझ्यासाठी विकू नको. दादा म्हणाला, बरं, तुझ्यासाठी नाही. पण भाव आलाय तर आमच्यासाठी तरी विकू दे. म्हणजे आता भांडण नवरा-बायकोचं. वहिनीने सहीला नाही म्हटलंय. तिचं नाव उताऱ्यावर आहे हे दादा विसरला होता. प्लॉटिंगवाला दर दोन दिवसांनी येऊन चहा पिऊन जातो.

६ एप्रिल, रविवार

गुलमोहर रोडच्या आतल्या बाजूला एक घर बघितलं. भाड्याचं. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे गॅलरी. जुनी बिल्डिंग, नळाला पाणी सकाळी तासभर. मालकीणबाई एकट्या, खाली राहतात. त्यांचा मुलगा पुण्यात. तोही भाड्याने. "इकडचं विकलं तर तिकडे त्याचं बाथरूम येईल," म्हणाल्या. कडवट नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं.

"दोघं का?"

"हो."

"लग्न झालंय?"

"व्हायचंय."

मला वाटलं आता नाही म्हणतील. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत ठेवते, नंतर मला द्यावं लागेल कुणाला तरी.

ग. गॅलरीत उभा होता. खाली बघत. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, "तुला कसं वाटतं ते सांग आधी." गेल्या वेळचं लक्षात ठेवलंय त्याने. मी सांगितलं, खिडक्या चांगल्या आहेत. बाकी मला काही वाटेनासं झालंय. वाटेल हळूहळू.

८ एप्रिल, मंगळवार

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. भेटणं, सोनई, रान, वहिनी, भाड्याचं घर. एकदाही थांबले नाही. शेवटी त्यांनी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "ते उठून मागच्या दाराला गेलेत. तू जेवली का?"

९ एप्रिल, बुधवार

काही नाही. फोन नाही. ब्रँचमध्ये तीन फायली. एक नाकारली, तर तो माणूस उलट आभार मानून गेला. सुटल्यासारखा.

१० एप्रिल, गुरुवार

जेवायला बसणार तेवढ्यात अण्णांचा फोन.

"त्या घराला पाणी येतं का?"

"सकाळी. तासभर."

"टाकी आहे?"

"आहे."

"अकरा महिन्यांनी काढलं तर?"

"दुसरं बघू अण्णा."

टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"सोनईवाल्यांनी रान विकायला नको," म्हणाले. "पाण्याखालचं आहे ते. माझ्यामुळे जायला नको."

"तुमच्यामुळे नाही आता. त्यांचं ते बघतील."

"तरी." मग म्हणाले, "रविवारी येतो मी. घर बघायला. तो असेल का?"

"बोलवू का?"

"मी विचारलं, असेल का म्हणून."

"असेल."

मग म्हणाले, "बघतो फक्त. हो म्हणालो असं नाही."

"नाही अण्णा."

ग.ला कळवलं. त्याने विचारलं, काय घालून येऊ? म्हटलं, काहीही घाल.